अमेरिकन ऑपेरेटा (सगळं गाऊनच सांगणाऱ्या ऑपेरापेक्षा हलकं, मधे संवाद असलेलं संगीत नाटक) ऐकायचा तर सुरुवात कुठून करावी? आजच्या म्युझिकलशी त्याचं काही नातं आहे का?

माझं मत १९१० च्या 'नॉटी मारिएटा' या ऑपेरेटाला. 'द स्टुडंट प्रिन्स' हा दुसरा ऑपेरेटा कितीतरी जास्त चालला, पण तुम्ही नात्याचं विचारताय, म्हणून हा.

याचा जन्म एका बंदीतून झाला. न्यूयॉर्कमध्ये ऑस्कर हॅमरस्टाइन नावाचा हिकमती निर्माता मॅनहॅटन ऑपेरा कंपनी चालवायचा. त्याच्या स्पर्धेनं मेट्रोपॉलिटन ऑपेरावाले इतके जेरीला आले, की १९१० मध्ये त्यांनी त्याला सुमारे १२ लाख डॉलर मोजले. अट अशी, की दहा वर्षं न्यूयॉर्कमध्ये ऑपेरा करायचा नाही. ऑपेरा नाही तर नाही, त्यानं त्याच वर्षी नोव्हेंबरात हा ऑपेरेटा आणला! संवाद भरपूर, गोष्ट हलकीफुलकी, पण एमा ट्रेंटिनी आणि ऑर्व्हिल हॅरल्ड हे गायक ऑपेरातलेच. त्यामुळे संगीतकार व्हिक्टर हर्बर्टला हात आखडता घ्यावा लागला नाही. 'इटालियन स्ट्रीट साँग' ऐका, कळेल.

१७८० चं न्यू ऑर्लीन्स, चाचे, वेषांतर... कथेत फार तर्क शोधू नका. पण रिडा जॉन्सन यंग या लेखिकेची एक कल्पना झकास आहे. मारिएटाला स्वप्नात एक अर्धीच चाल ऐकू आलेली असते. जो ती पुरी करेल तोच तिचा जोडीदार. ती चाल नाटकभर डोकावत राहते आणि शेवटी कॅप्टन डिक ती पुरी करतो: 'आह! स्वीट मिस्टरी ऑफ लाइफ'. ज्या काळात ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, कुणाचंही गाणं कुठल्याही नाटकात सर्रास घुसडत, त्या काळात हे गाणं काढलं तर नाटकच कोसळेल अशी रचना!

एक किस्सा सांगायलाच हवा. एका प्रयोगात ट्रेंटिनीच्या गाण्याला वन्स मोअर आला, वाद्यवृंदापुढे स्वतः हर्बर्ट उभा, आणि बाईंनी पुन्हा गायला साफ नकार दिला. हर्बर्ट तडक निघून गेला आणि तिच्या पुढच्या नाटकाला त्यानं संगीत दिलंच नाही. ते काम रुडॉल्फ फ्रिमल या नवख्याला मिळालं. १९१२ च्या 'द फायरफ्लाय'नं त्याचं नशीब उघडलं.

आता नातं. निर्मात्याचा नातू, दुसरा ऑस्कर हॅमरस्टाइन, 'रोझ-मारी', 'द डेझर्ट साँग' असे ऑपेरेटा लिहीतच तयार झाला. 'शो बोट' (१९२७) आणि 'ओक्लाहोमा!' (१९४३) हे गाजलेले म्युझिकल लिहिणारा तो हाच.

'नॉटी मारिएटा'वरचा १९३५ चा जेनेट मॅकडोनाल्ड आणि नेल्सन एडीचा सिनेमाही बघा, फक्त त्यात कथा बरीच बदललीय.