व्यायाम न करताही काहींच्या अंगात जास्त ताकद कशी?

जीन्समुळं, म्हणजे आईबापाकडनं आलेल्या जनुकांमुळं, पण सगळंच त्यामुळं नाही. जुळ्यांवरच्या अभ्यासातनं दिसतंय की माणसामाणसांतल्या ताकदीच्या फरकातला साधारण निम्मा अनुवंशिक असतोय, म्हणून आमच्या निपाणीत दिवसभर गल्ल्यावर बसणारा एखादा ५० किलोचं पोतं सहज उचलतो आणि शेजारच्याला ते हलत पण नाही. एसीटीएन-३ नावाचा जीन बघा, झटक्यात जोर लावणाऱ्या स्नायूतंतूंत तो एक प्रोटीन बनवतोय, जगात साधारण पाचातल्या एकाच्यात ते बनतच नाही तरी माणूस धडधाकट असतोय, फक्त जोर किंचित कमी. असे बारीक परिणाम करणारे कितीतरी जीन्स मिळून ताकद ठरते, त्यामुळं एका जीनच्या टेस्टवर पैसे घालवू नका की, आठवड्यातनं दोन दिवस जोर-बैठका काढा.