अक्काला विचारलंत का?

पत्र : धाकट्या भावाला (वय ३२) ल्युकेमिया आहे. मुंबईत केमो झाली, आता बोन मॅरो ट्रान्सप्लांट सांगितलंय. माझी एचएलए तपासणी जुळली नाही. त्याचा रक्तगट ओ पॉझिटिव्ह. तुमच्या सदरातून दात्यासाठी आवाहन कराल का? (अक्का आहे कराडला. पण गेल्या वर्षीच तिची हक्कसोडपत्रावर सही घेतली, आता पुन्हा मागायला बरं दिसत नाही. शिवाय सासरचे.)
– एक भाऊ, तासगाव

उत्तर : आवाहन छापणार नाही. बोन मॅरोला रक्तगट नव्हे, एचएलए (आईवडिलांकडून आलेल्या, पेशींवरच्या ओळखखुणा) जुळावं लागतं आणि बाहेरच्या दात्याचा शोध हॉस्पिटल दात्यांच्या रजिस्ट्रीमार्फत (नोंदणी यादीतून) घेतं. तो डॉक्टरांना आजच सुरू करायला सांगा. मला बोलायचंय ते कंसातल्या अक्काबद्दल.

सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक, आणि ती प्रत्येकाची वेगळी. तुमचं जुळलं नाही म्हणून तिची कमी होत नाही. १९८३ साली टाटा हॉस्पिटलात डॉ. सुरेश अडवाणींनी देशातलं पहिलं यशस्वी बोन मॅरो ट्रान्सप्लांट केलं, तेव्हा त्या लहान मुलीचा दाता तिचा भाऊच होता. आणि तुम्ही सख्खी बहीण सोडून गावभर हाका मारताय!

सासरचं निमित्त पुढे करू नका. जमिनीच्या कागदावर सही हवी होती तेव्हा सासरचे आडवे आले नव्हते. तुम्हाला लाज वाटतेय आणि वाटायलाच हवी, पण ती धाकट्याच्या जिवावर का? अक्काचा जमिनीतला वाटा गेला. भावासाठी काही करायचा तिचा हक्कही आता तुम्ही परस्पर सोडून दिलात.

उद्या सकाळी कराडला जा. फोनवर नको, दाजींमार्फत नको. तिच्याशी बोला. आधी नुसती तपासणी आहे. जुळलं तर बहुतेकदा चार-पाच दिवस इंजेक्शनं घ्यावी लागतात, त्यात हाडं ठणकतात, अंग दुखतं. मग एका हातातून रक्त मशीनमध्ये जातं, स्टेम सेल (रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी) वेगळ्या होतात, उरलेलं दुसऱ्या हातातून परत येतं. चार-पाच तास खुर्चीत बसायचं. क्वचित भूल देऊन कमरेच्या हाडातून काढतात. मणक्याला कुणी हात लावत नाही, ही भीती घरोघरी असते म्हणून मुद्दाम सांगते. डॉक्टरांचा नंबरही तिला द्या, म्हणजे तुमच्यामागे तिला हवं ते विचारता येईल.

जमिनीचा विषय या बोलण्यात आणू नका. तिचा वाटा परत द्यायचा असेल तर द्याच, पण तपासणी जुळो न जुळो. सौदा करू नका.

ती नाही म्हणाली तर चहा घ्या आणि परत या. पुन्हा विचारायचं नाही, आणि आईला तिच्या दारात रडायला पाठवायचं नाही. मग डॉक्टरांना अर्ध्या जुळणीबद्दल विचारा, आईचंही चालू शकतं.