एका प्रश्नाला एक दिवस

चि. बेटा,

अनेक आशीर्वाद.

आर्वी तालुक्यातल्या आपल्या गावात राहून बर्लिन आणि न्यूयॉर्कच्या सहकाऱ्यांसोबत सॉफ्टवेअरचे काम करायचे, तर रोज रात्री दोनपर्यंत जागावे लागेल का, असे तू विचारले आहेस. तशी गरज नाही. मात्र जागरण टाळायचे असेल तर लिहिण्याचे कष्ट घ्यावे लागतात, आणि बहुतेकांना ते जागरणापेक्षा जड जातात.

आधी घड्याळाचे पाहू. आपली वेळ यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, साडेपाच तास पुढे असते आणि वर्षभर तशीच राहते, तिकडची बदलते. बर्लिन उन्हाळ्यात आपल्या साडेतीन तास मागे असते, हिवाळ्यात साडेचार. न्यूयॉर्क साडेनऊ आणि साडेदहा. त्यातही अमेरिकेचे घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे सरकते आणि युरोपचे शेवटच्या रविवारी, म्हणून मधल्या दोन-तीन आठवड्यांत ठरलेली बैठक कोणाची तरी हमखास चुकते. वेळ लिहिताना सोबत यूटीसीही लिही. तारीख ०३/०४ अशी कधीच लिहू नकोस. अमेरिकेत ती चार मार्च होते.

आता मुख्य गोष्ट. थंडीत शेतीपंपाची लाईन रात्रपाळीत असते, तेव्हा तुझे बाबा कपाशीला ओलीत करून पहाटे घरी येतात आणि झोपण्याआधी सालदारासाठी निरोप ठेवतात, की धुऱ्याकडून अकराव्या तासापर्यंत (ओळीपर्यंत) पाणी झाले आहे, बाराव्यापासून धर, आणि मधला व्हॉल्व्ह गळतो म्हणून तो उघडू नको. सालदाराला त्यांना उठवावे लागत नाही. संध्याकाळी लॅपटॉप मिटण्याआधी तुझी नोंद अशी असली पाहिजे.

मला हे उशिरा कळले. नोकरीच्या पहिल्या वर्षी, सोमवारी संध्याकाळी, सॅन फ्रान्सिस्कोच्या एका सहकाऱ्याला मी लिहिले, ‘बिल्ड फेल होत आहे, जरा बघता का?’ म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम तयार होत नव्हता. तो कामावर आला तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा वाजले होते. त्याने विचारले, कोणत्या ब्रँचवर, म्हणजे कोडच्या कोणत्या शाखेवर? मी सकाळी उत्तर दिले, तोवर तो घरी गेला होता. मग एरर कोणती, मग आवृत्ती कोणती, असे करत गुरुवार उजाडला, आणि चूक निघाली कॉन्फिगरेशनच्या एका ओळीत.

तेव्हा ब्रँच आणि कमिट (कोडमधल्या बदलाची जतन केलेली नोंद) कोणते, एररचा पूर्ण मजकूर काय (स्क्रीनशॉट नव्हे, कारण चित्रातला मजकूर शोधता येत नाही), काय करून पाहिले आणि शंका कशावर आहे, हे सगळे पहिल्याच संदेशात येऊ दे. शेवटी एक वाक्य आवर्जून लिही: ‘उत्तर आले नाही तर उद्या सकाळी मी अमुक मार्गाने पुढे जाईन.’ तो मार्ग मात्र मागे घेता येण्यासारखा हवा. माझ्या मते साऱ्या संदेशात या वाक्याची किंमत सर्वांत जास्त आहे, कारण समोरच्याला गप्प राहूनही होकार देता येतो. खासगी संदेशापेक्षा टीमच्या चॅनलवर लिही. ज्याला विचारले तो झोपलेला असला तरी दुसरा कोणी जागा असतो.

लिनक्स या संगणक प्रणालीचा कर्नल, म्हणजे गाभा, जगभरातल्या लोकांनी बव्हंशी ईमेलवरच घडवला, आणि त्याच कामासाठी लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये गिट हे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारे साधन लिहिले. तुझ्या प्रत्येक कमिटमध्ये वेळेपुढे +०५३० ही नोंद राहते. तिच्याजवळच्या संदेशात बदल का केला ते लिही. काय बदलले ते कोडमध्ये दिसतेच.

सगळेच लिहून सुटत नाही. दोनदा उत्तरे होऊनही मतभेद राहिला, किंवा कोणी दुखावल्याचे जाणवले, तर बोलूनच घे. आपले सायंकाळचे सात त्यासाठी बरे. उन्हाळ्यात तेव्हा बर्लिनला दुपारचे साडेतीन आणि न्यूयॉर्कला सकाळचे साडेनऊ झालेले असतात. फक्त मे महिन्यात नेमके त्याच वेळी वादळ सुटते आणि लाईन जाते. आभाळ भरून आले की आधी कोड पुश कर, म्हणजे टीमच्या सर्व्हरवर चढव, आणि खंडित झालो तर सकाळी लिहीन, असे टीमला आधीच सांगून ठेव. त्यात संकोच नको. पोळ्याची सुट्टीही आतापासून कॅलेंडरवर टाक.

पहिल्या आठवड्यातली तुझी एखादी संध्याकाळची नोंद, कंपनीचे तपशील गाळून, मला वाचायला पाठव.

तुझा,
काका