प्रयोगशाळेत इथाइल ॲसिटेट दोन तृतीयांशाच्या पुढे का जात नाही, आणि कारखान्यात ते जवळजवळ पूर्ण कसं होतं?

60 ग्रॅम ॲसिटिक ॲसिड आणि 46 ग्रॅम इथेनॉल घेतलं, इथाइल ॲसिटेट 88 ग्रॅम यायला हवं होतं, हाती आलं पन्नासच्या आसपास, असं तुम्ही लिहिलंय. तुमच्या हाताचा दोष नाही. ही अभिक्रिया उलटही चालते, म्हणून ती एका समतोलावर थांबते; कुठे थांबेल हे सांगणारा आकडा, म्हणजे समतोल स्थिरांक, इथे साधारण 4 आहे. दोन्ही एकेक मोल घेतले की ती दोन तृतीयांशावर, म्हणजे 58-59 ग्रॅमवर थांबते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बर्थेलो आणि त्याच्या सहकाऱ्याने 1862 च्या सुमारास हाच समतोल मोजला होता. रात्रभर उकळलंत तरी आकडा हलणार नाही. उरलेली घट धुण्यातली. पाण्यात हे एस्टर (ॲसिड आणि अल्कोहोलपासून बनलेलं संयुग, इथे इथाइल ॲसिटेट) शेकडा आठच्या आसपास विरघळतं, म्हणून पाणी जपून वापरा. सोडियम कार्बोनेटनंतर कॅल्शियम क्लोराइडच्या संपृक्त द्रावणाने धुवा, ते उरलेलं अल्कोहोलही (इथेनॉल) ओढून घेतं.

मी उसाच्या पट्ट्यातल्या एका इथाइल ॲसिटेट प्लँटवर बारा वर्षं शिफ्ट केली. मळीपासून बनलेलं अल्कोहोल टँकरने यायचं. अभिक्रिया तुमचीच, फक्त तिला समतोलावर बसूच द्यायचं नाही. रिॲक्टरच्या डोक्यावरच कॉलम, म्हणजे ऊर्ध्वपातनाचा उंच मनोरा, असतो. एस्टर, अल्कोहोल आणि पाणी यांचा ॲझिओट्रोप, म्हणजे ठरावीक प्रमाणात एकत्रच उकळणारं मिश्रण, 70 अंशांना उकळून वर जातो. ॲसिटिक ॲसिड उकळायला 118 अंश लागतात, म्हणून ते खालीच राहून काम करत राहतं.

खरी मेख पुढे आहे, आणि पुस्तकं ती सहसा सांगत नाहीत. 88 किलो एस्टर बनताना 18 किलो पाणी बनतं. ॲझिओट्रोपमध्ये मात्र सुमारे 83 भाग एस्टरमागे पाणी 9 भागच असतं. म्हणजे 88 किलो एस्टर जेमतेम साडेनऊ किलो पाणी घेऊन बाहेर पडेल. बाकीचं कोण नेणार? त्यासाठी तयार एस्टरचाच मोठा हिस्सा रिफ्लक्स म्हणून कॉलमच्या माथ्यावर परत सोडतात आणि त्याच्याकडून पुन्हा पाणी वाहून नेतात. प्लँटची बरीचशी वाफ या फेऱ्यांवरच खर्च होते. एका रात्री आमचा रिफ्लक्स पंप अडखळला. माथ्याचं तापमान चढू लागलं आणि तासाभरात लॅबचा फोन आला की सँपलमध्ये ॲसिडिटी वाढलीय. रिफ्लक्स कमी पडला की ॲसिड वर चढतं आणि पाणी रिॲक्टरमध्ये साठतं, हे मी त्या रात्री शिकलो.

वर आलेलं मिश्रण थंड करून डिकँटरमध्ये, म्हणजे थर वेगळे करणाऱ्या टाकीत, थोडं पाणी घालतात. अल्कोहोल खालच्या थरात उतरतं आणि तिथून परत मिळवलं जातं. वरचा थर शेवटच्या कॉलममध्ये जातो. तिथे कोरडं एस्टर तळातून काढतात. ते 77 अंशांना उकळतं, उरलेलं पाणी घेऊन ॲझिओट्रोप त्याआधीच माथ्यावरून निघून जातो.

तुमच्या फ्लास्कसाठी सोपा उपाय: एका मोल ॲसिडला दोन मोल अल्कोहोल घ्या. त्याच स्थिरांकाने ॲसिडचं रूपांतर 84-85 टक्क्यांपर्यंत जातं. डीन-स्टार्क (उकळत्या मिश्रणातलं पाणी वेगळ्या थरात अडकवून काढणारं काचेचं उपकरण) लावून इथे फारसं साधत नाही, कारण अल्कोहोल मध्ये असल्याने थर नीट सुटत नाहीत.

आणि बर्नर अजिबात नको. या एस्टरचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून त्याची वाफ पेट घेऊ शकते ते, उणे 4 अंश आहे आणि वाफ हवेच्या तिप्पट जड असते. ती टेबलावरून सरकत दूरच्या ज्योतीपर्यंत पोचते. पाणी दुसरीकडे गरम करून वॉटर बाथ भरा, किंवा हीटिंग मँटल (फ्लास्कभोवती बसणारी विजेची शेगडी) वापरा.