शोध अहवालात ‘लिस पेंडन्सची नोटीस’ निघाली तर काय समजायचं?

तुम्ही लालबागला रिसेलचा फ्लॅट घेताय. वकिलांच्या शोध अहवालात, म्हणजे जागेच्या हक्काच्या नोंदी तपासून दिलेल्या अहवालात, ‘लिस पेंडन्सची नोटीस नोंदलेली आढळली’ असं एक वाक्य आहे आणि एजंटचं म्हणणं, कोर्टाचा स्टे नाही ना, मग खुशाल टोकन द्या. मुंबईतल्या मालमत्तांचे शोध घेणं हेच माझं काम आहे. टोकन देऊ नका, निदान नोटीस वाचून होईपर्यंत तरी. स्टे नाही म्हणजे धोका नाही, हा समज मी फार लोकांना महागात पडलेला पाहिलाय.

लिस पेंडन्स म्हणजे निकाल न लागलेला, चालू दावा. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५२ यावर आहे. जागेच्या हक्कावरच थेट वाद चालू असेल आणि तेवढ्यात एका पक्षकाराने ती जागा विकली किंवा गहाण टाकली, तर समोरच्याला कोर्टाकडून जे मिळेल त्याला या व्यवहाराने बाध येत नाही. खरेदीखत त्यामुळे रद्दबातल होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५६ मध्येच नागूबाई अम्मल यांच्या प्रकरणात तसं म्हटलंय. पण घेणाऱ्यावर निकाल बंधनकारक राहतो. त्याला दाव्याची कल्पना होती की नव्हती, हा प्रश्नच उरत नाही.

समजा, वडिलांच्या फ्लॅटमध्ये हिस्सा मिळावा म्हणून बहिणीने २०१९ मध्ये वाटपाचा दावा लावला आणि नोटीसही नोंदवली. भावाने २०२२ मध्ये तो अख्खा फ्लॅट तुम्हाला विकला. पुढे बहिणीचा अर्धा हिस्सा कोर्टाने मान्य केला, तर तुमच्या हाती फक्त भावाचा अर्धा राहील. पैसे मात्र तुम्ही पूर्ण फ्लॅटचे मोजलेले असतील. सोसायटीने शेअर सर्टिफिकेटवर तुमचं नाव चढवलं असलं तरी त्याने काही फरक पडत नाही.

आता खास मुंबईची गोष्ट, जी बाहेरगावच्या वकिलांच्याही कधी कधी नजरेतून सुटते. मूळ कायद्यात दावा चालू असणं एवढंच पुरेसं आहे, नोंदणीची गरज नाही. मुंबईत १९३९ च्या मुंबई दुरुस्तीने ते बदललं. बृहन्मुंबईतल्या जागेबाबत कलम ५२ लागू व्हायचं तर दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते आणि नोंदणीनंतरच्या व्यवहारांनाच ती बांधते. नोटिशीत मालकाचं किंवा ज्याचा हक्क वादात आहे त्याचं नाव-पत्ता, जागेचं वर्णन, कोर्ट, दाव्याचं स्वरूप आणि शीर्षक, दावा दाखल झाल्याची तारीख एवढं असतं. मला ही दुरुस्ती फार शहाणपणाची वाटते. एरवी कुठल्या कोर्टात कुणी काय दाखल केलंय हे सामान्य खरेदीदाराने शोधायचं तरी कसं? इथे ते निदान सूची क्रमांक २ मध्ये (इंडेक्स टू, म्हणजे निबंधकाकडे नोंदलेल्या दस्तांची सूची) सापडतं, तुमच्या वकिलांना सापडलं तसंच.

म्हणून तीन तारखा एका कागदावर लिहा: दावा कधी दाखल झाला, नोटीस कधी नोंदली गेली आणि तुमच्या विक्रेत्याचं स्वतःचं खरेदीखत कधीचं आहे. नोटीस त्याच्या खरेदीनंतरची आणि फक्त जुन्या मालकाविरुद्धच्या दाव्यातली असेल, तर निव्वळ कलम ५२ च्या जोरावर त्याची खरेदी अडकत नाही. विक्रेता स्वतःच प्रतिवादी असेल तर मात्र तुम्ही सरळ त्या दाव्याच्या तोंडी जाताय.

दुसरी बाजूही सांगायलाच हवी. नोटीस आहे म्हणजे ती नोंदवणाऱ्याचा हक्क खरा, असं अजिबात नाही. दुय्यम निबंधक दाव्यात तथ्य आहे का हे तपासत नाही, ते त्याचं कामही नाही. निव्वळ पैशाच्या वसुलीचा दावा असेल आणि फ्लॅटच्या हक्काचा त्यात प्रश्नच नसेल, तर कलम ५२ लागत नाही. विक्री अडवून दबाव आणायला नोटीस नोंदवणारेही असतात आणि त्यात एखादा प्रामाणिक विक्रेता वर्षानुवर्षं भरडला जातो. त्यामुळे नोटीस दिसली की व्यवहार सोडून पळा, असंही मी म्हणणार नाही.

नोटिशीची प्रमाणित प्रत काढा. तिच्यावरून दावा ओळखून तो उच्च न्यायालयात आहे की शहर दिवाणी न्यायालयात, ते बघा आणि सद्यस्थिती ऑनलाइन पाहा. मग विक्रेत्याकडून वादपत्र (दावा लावणाऱ्याने कोर्टात दिलेला मूळ अर्ज) मागा आणि सगळ्यात आधी शेवटची विनंतीची कलमं वाचा. दावा नेमका कशासाठी आहे ते तिथेच कळतं. ‘दावा केव्हाच निकाली निघाला’ असं विक्रेता म्हणाला तर हुकूमनाम्याची (कोर्टाच्या अंतिम निर्णयाची) प्रत मागा, अपील झालंय का आणि दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, चालू आहे का तेही विचारा. हुकूमनाम्याची पूर्ण अंमलबजावणी होईपर्यंत किंवा तिची मुदत संपेपर्यंत कायद्याच्या दृष्टीने दावा चालूच असतो.

दावा जिवंत असेल तर मला दोनच वाटा बऱ्या वाटतात: दोन्ही पक्षांनी कन्सेंट टर्म्स (तडजोडीच्या अटी) कोर्टात दाखल करून वाद मिटवायचा, नाहीतर विक्रेत्याने कोर्टाची परवानगी घेऊन विकायचं. कलम ५२ मध्येच तशी सोय आहे. ‘काही झालं तर भरपाई देईन’ असं विक्रेत्याचं हमीपत्र मात्र पुरेसं समजू नका. तो पैसे घेऊन मोकळा झाल्यावर वसुलीसाठी तुम्हालाच नवा दावा लावावा लागेल.

टोकन आधीच दिलं असेल तर पावतीवर काय लिहिलंय ते कॉमेंटमध्ये टाका, नावं आणि फ्लॅट नंबर झाकून. ‘हक्क निर्वेध असल्यास’ अशा अर्थाचा एखादा शब्द तिथे असला तरी पैसे परत मागायला मोठा आधार होतो.