सेझियमचं यंत्र बदलायचं, पण जुना सोर्स नेणार कोण?

तुमचे प्रश्न दोन. रक्तपेढीतलं सेझियमचं इरॅडिएटर, म्हणजे किरणोत्सारी सेझियमचे किरण रक्ताच्या पिशव्यांवर सोडणारं यंत्र, काढून एक्स-रेचं घ्या, असा परदेशी संस्थांचा आग्रह आहे. हा त्यांचा माल खपवायचा डाव तर नाही? आणि उद्या कोबाल्ट या दुसऱ्या किरणोत्सारी पदार्थाच्या यंत्रांवरही हीच पाळी येणार का?

विकणारे संधी साधणारच, पण मूळ काळजी खरी आहे. या यंत्रांतलं सेझियम-१३७ बहुतेक वेळा क्लोराइडच्या पावडरीच्या रूपात असतं आणि ती पाण्यात सहज विरघळते. ब्राझीलमधल्या गोइआनियात १९८७ साली, ओस पडलेल्या रेडिओथेरपी केंद्रातून भंगारासाठी उचललेला असा सोर्स, म्हणजे यंत्रातली किरणोत्सारी पदार्थाची बंद कुपी, फुटला. अंधारात निळी चमकणारी पावडर लोकांनी कौतुकाने वाटून घेतली, काहींनी अंगाला फासली. चार जण दगावले, लाखाहून जास्त लोकांची तपासणी करावी लागली.

रक्तपेढीला हवं काय? पिशवीला साधारण २५ ग्रे (ग्रे हे किरणांच्या डोसाचं माप) डोस, म्हणजे दात्याच्या लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशी दुबळ्या रुग्णाच्या शरीरावर उलटत नाहीत. डोस पोचला की पिशवीवरच्या ‘नॉट इरॅडिएटेड’ स्टिकरमधला ‘नॉट’ झाकला जातो. हे काम एक्स-रेनेही होतं. नॉर्वे आणि फ्रान्सने आपल्या रक्तपेढ्या केव्हाच बदलल्या. अमेरिकेचं सरकार तिथल्या इस्पितळांना नव्या यंत्राच्या खर्चात मदत करतं आणि जुना सोर्स काढून नेण्याचा भारही उचलतं.

खरी मेख या शेवटच्या भागात आहे. मे २०१९ मध्ये सिअ‍ॅटलच्या हार्बरव्ह्यू संकुलात, याच अमेरिकी कार्यक्रमात, सेझियमचं यंत्र हलवताना कापाकापीत सोर्सलाच भोक पडलं. तेरा जणांना किरणोत्सारी पदार्थ लागला, इमारत वर्षाहून जास्त काळ बंद राहिली. अनुभवी मंडळींच्या हातून हे झालं! आपल्याकडे मायापुरी आठवा: दिल्ली विद्यापीठात वर्षानुवर्षं पडून असलेला कोबाल्टचा गॅमा सेल (प्रयोगशाळेतलं किरण सोडणारं यंत्र) २०१० मध्ये लिलावात भंगारात गेला आणि एका कामगाराचा जीव गेला. धोका वापरातल्या यंत्रापेक्षा अडगळीतल्या यंत्राचा जास्त.

म्हणून एखादी संस्था नवं यंत्र देणगी देत असेल, तर तिच्या पत्रात यंत्राची किंमत नंतर बघा. जुना सोर्स कोण, कुठल्या कंटेनरमधून, कुठे नेणार आणि पैसे कोण भरणार, हे आधी लेखी घ्या. एईआरबी या अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी त्यांच्या ई-लोरा या ऑनलाइन पोर्टलवरून घ्यावी लागते. सोर्स दाराबाहेर जाईपर्यंत तुमच्या आरएसओची (किरणोत्सार सुरक्षा अधिकाऱ्याची) जबाबदारी संपत नाही. एक्स-रे यंत्राला ट्यूब, कूलिंग आणि स्थिर वीज लागते, तेव्हा एएमसीचा (वार्षिक देखभाल कराराचा) आकडाही विचारा. यंत्र बदलणं जमतच नसेल, तर सुरक्षित सेझियमचा पर्याय आहे: आपल्या बीएआरसीने (भाभा अणुसंशोधन केंद्राने) सेझियम काचेत बांधून पेन्सिली केल्यात. ते सेझियम पावडरीसारखं उधळत नाही.

कोबाल्टचं गणित वेगळं. कॅन्सरच्या उपचारात लिनॅक (विजेवर किरण तयार करणारं यंत्र) सरस, पण वीज आणि सर्व्हिस इंजिनिअर नसेल तर तो महिनोन्‌महिने झाकून पडतो. कोबाल्टचं यंत्र तिथेही चालतं. सोर्स मात्र सव्वापाच वर्षांत निम्मा होतो. आपलं कोबाल्टचं उपचारयंत्र भाभाट्रॉन परदेशांत पाठवलं गेलं ते याच गरजेतून. आफ्रिकेत टिकेल असा लिनॅक घडवायचं काम ‘स्टेला’ प्रकल्पात सर्न ही युरोपातली संशोधन संस्था आणि ब्रिटनमधले गट मिळून करताहेत. तो लिनॅक चालू लागेपर्यंत कोबाल्ट बंद करा म्हणणं, म्हणजे रुग्णाला दारातून परत पाठवणं.

कोंब फुटू नयेत म्हणून लासलगावला कांद्यावर कोबाल्टचे गॅमा किरण सोडतात, त्याचं विचाराल, तर इलेक्ट्रॉन बीम (यंत्रातून सोडलेला इलेक्ट्रॉनचा झोत) पर्याय आहे, पण तो मालात काही सेंटिमीटरच शिरतो. भरलेल्या गोण्यांना गॅमाच सोयीचा पडतो.