नोंद कार्डाची, आरोप माणसावर

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. क्रेडिट कार्डाच्या फसवणुकीतल्या आरोपीचं वकीलपत्र पहिल्यांदाच घेतलंय आणि बँकेच्या नोंदींचा गठ्ठा बघून धीर सुटलाय, असं लिहिलंस. गठ्ठा जाडच असतो. पण तो नीट वाच. त्यातलं जवळजवळ प्रत्येक पान कार्डाबद्दल बोलतं, माणसाबद्दल फार थोडं. तुझं बहुतेक काम या दोघांमधल्या अंतरात आहे.

आधी पक्षकाराला आवर. तो बँकेला फोन करून सगळं समजावून सांगायच्या विचारात असेल, तर तो बेत मोडून काढ. असे फोन बहुधा ध्वनिमुद्रित होतात, आणि घाबरलेला माणूस मुलाला किंवा भावाला वाचवायला न केलेलंही कबूल करून बसतो. तपास अधिकाऱ्यापुढे तुझ्याशिवाय अवाक्षर नको. फोनमधलं, संगणकावरचं काहीही पुसायचं नाही, मग ते कितीही लाजिरवाणं असो. पुसलं की तोच त्याच्याविरुद्धचा पुरावा होतो.

दुसरं काम थांबणारं नाही. दुकानातल्या आणि एटीएमच्या कॅमेऱ्यांचं चित्रण काही दिवसांनी, फार तर काही आठवड्यांनी, नव्या चित्रणाखाली मिटून जातं. आरोपपत्राची वाट बघत बसलं, तर जे चित्रण पक्षकाराला सोडवू शकलं असतं ते उरणार नाही. म्हणून बँक, दुकानदार, मोबाइल कंपनी या सगळ्यांना नोंदी जपून ठेवण्याचं लेखी पत्र लगेच जायला हवं.

आता गठ्ठा. बँक बहुधा खात्याचा उतारा देते. त्यावर समाधान मानू नकोस. व्यवहाराला मंजुरी देतानाची मूळ नोंद माग. कार्ड चिपवरून वाचलं, चुंबकीय पट्टीवरून वाचलं, नुसतं टेकवलं की नंबर टाइप केला, हे त्या नोंदीत असतं. पट्टीवरची माहिती दर वेळी तीच असते, म्हणून तिची नक्कल करता येते. चिप मात्र प्रत्येक व्यवहाराला नवा सांकेतिक आकडा तयार करते. चिप असलेलं कार्ड पट्टीवरून वाचलं गेलं असेल, तर नकली कार्डाची शक्यता तपासायलाच हवी. नंबर टाइप केला असेल, तर कार्ड कुणाच्या खिशात होतं याला काही अर्थच उरत नाही.

चिप आणि पिन दोन्ही बरोबर दिसले तर बाजू अवघड होते, हे मी लपवणार नाही. पण संपत नाही. २०१० मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की चोरलेलं कार्ड आणि यंत्र यांच्यामध्ये एक उपकरण बसवलं, तर कुठलाही पिन टाकला तरी यंत्र तो बरोबर आहे असंच समजतं. तुझ्या खटल्यात तसंच घडलं असं म्हणायला तुला आधार लागेल. नुसती शक्यता बोलून दाखवली तर न्यायाधीश घड्याळाकडे बघायला लागतात.

इंग्लंडमधली एक गोष्ट मात्र जरूर वाच. एका पोलिसानं १९९२ मध्ये तक्रार केली, की एटीएममधून काढलेले काही पैसे आपण काढलेले नाहीत. उलट त्याच्यावरच फसवणुकीच्या प्रयत्नाचा खटला चालला आणि १९९४ मध्ये तो दोषी ठरला. अपिलात बचाव पक्षाच्या तज्ज्ञाला त्याचं खातं असलेल्या वित्तसंस्थेची संगणकप्रणाली तपासायची होती; संस्थेनं नकार दिला. १९९६ मध्ये अपील मंजूर झालं. ज्या यंत्राच्या भरवशावर माणसाला दोषी ठरवायचं, ते यंत्र तपासू द्यायला नको का? ही मागणी लेखी कर आणि नकारही लेखीच घे.

वेळेच्या बाबतीत विशेष सावध राहा. उताऱ्यावर कधी कधी व्यवहाराची तारीख नसतेच, खात्यात नोंद झाल्याची असते, आणि ती एक-दोन दिवस पुढची असू शकते. सर्व्हरच्या नोंदी बऱ्याचदा जागतिक प्रमाणवेळेत असतात. पक्षकार त्या वेळी दुसरीकडे होता असं सांगण्याआधी ती वेळ नक्की कोणती, हे पक्कं कर. नाहीतर आपलाच साक्षीदार उलटतपासणीत आपल्याला बुडवतो. आयपी पत्त्याचं, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या ओळखक्रमांकाचंही तसंच. एकाच पत्त्यामागे एक घर, एक कचेरी किंवा मोबाइल कंपनीचे असंख्य ग्राहक असू शकतात. ओटीपी मोबाइलवर गेला एवढ्यानं भागत नाही. त्या वेळी ते सिम कुणाकडे होतं, नव्यानं दिलं गेलं होतं का, हे विचार.

आणि हेतू. बिल फेडता आलं नाही आणि बिल फेडायचंच नव्हतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली उधारी, दुसरी फसवणूक. नोकरी कधी गेली, आधीचे हप्ते वेळेवर होते का, घरातल्या कुणाला कार्ड वापरायची मुभा होती का, हे घरच्यांशी बसून काढावं लागतं. कंटाळवाणं काम आहे, पण मला विचारशील तर असे खटले तिथेच वळतात.

त्यानं ते खरंच केलं असेल तर काय करायचं, हेही तू विचारलंस. तरीही सरकार पक्षानं गुन्हा सिद्ध करायचाच असतो, आणि तू त्यांचे पुरावे तपासायचेच. फक्त त्याला खोटी साक्ष द्यायला बसवायचं नाही. पुरावा भक्कम असेल तर ते त्याला स्पष्ट सांग. पैसे परत करून शिक्षा कमी होते का, हे वेळेत बघ. पण तसा प्रस्ताव वकिलामार्फतच जाऊ दे, नाहीतर तो कबुलीजबाब म्हणून वाचला जाईल. किती व्यवहार खरोखर त्याचे आणि किती त्याच्या माथी मारलेले, हेही वेगळं काढ. शिक्षा ठरवताना एकूण रकमेला वजन असतं.

नोंदी जपण्याच्या पत्राचा मसुदा पुढच्या तारखेची वाट न बघता मला पाठव. मूळ नोंदींच्या अर्जाचंही मग बोलू.